आवळपाड्याचे तीन नकाशे

आमच्या मोजणी खात्यातल्या गावनकाशावरची एक रेघ जमिनीवर सुमारे सहा फूट जाड असते. थट्टा नाही, साधा हिशेब आहे. नकाशा जमिनीपेक्षा जवळजवळ आठ हजारपट लहान असतो आणि पेन कितीही जपून चालवलं तरी रेघेला पाव मिलिमीटर जाडी येतेच. म्हणजे कागदावर जी रेघ केसासारखी दिसते, तिच्यात जमिनीवर एक माणूस आडवा झोपू शकतो.

हे मला शिकवलं दोन भावांनी. डोंबिवलीच्या पलीकडचं त्यांचं गाव आता इमारतींच्या पोटात गेलंय, तेव्हा तिथे भातशेती होती. हद्दीवरून दोघांचं भांडण. नक्कल काढायला एकत्रच आले, पण खिडकीपाशी दोन टोकांना उभे राहिले. थोरल्याने नकाशावर बोट टेकवून विचारलं, "बाय, ही काली रेग कोनाचे जाग्यान धरायची? माजे का याचे?"

मी नवी होते. उत्तर येईना, म्हणून आत जाऊन साहेबांना विचारलं. फाइलमधून मान वर न करता साहेब म्हणाले, "रेघ सरकारची आहे म्हणावं." मी बाहेर येऊन तस्संच सांगितलं. दोघं भाऊ एकमेकांकडे बघून इतके हसले, की जाताना एकाच स्कूटरवर बसून गेले. पुढे त्यांचं भांडण मिटलं की कोर्टात गेलं, मला माहीत नाही. आमच्याकडे गोष्टीचा मधलाच तुकडा यायचा.

मी ट्रेसर म्हणून लागले आणि आरेखक म्हणून निवृत्त झाले. हे काम काय असतं, ते बाहेरच्यांना सांगावं लागतं. भूकरमापक शेतावर जाऊन मोजणी करतो. त्याची टिपणं ऑफिसात आली की त्यावरून नकाशा काढायचा, जुना फाटका नकाशा मेणकापडासारख्या ट्रेसिंगच्या कापडावर उतरवायचा, चुकलेली रेघ ब्लेडच्या टोकाने अलगद खरवडायची. हात थरथरता कामा नये. उन्हाळ्यात घामाचा थेंब पडू नये म्हणून आम्ही कपाळाला रुमाल बांधायचो. कल्याण तालुक्यातलं क्वचितच एखादं गाव माझ्या हाताखालून गेलं नसेल. ओढे, विहिरी, स्मशानं, गुरचरण, सगळं मला पाठ. त्यातलं प्रत्यक्षात मी काहीही पाहिलेलं नव्हतं. बायकांना फिल्डवर पाठवायचं नाही असा लेखी नियम कुठेच नव्हता, त्यामुळे तो मोडताही येत नव्हता. चौतीस वर्षं मी खुर्चीत बसून जमीन काढली.

धर्माबाबा खिडकीवर आले, तेव्हा मी निम्म्या नोकरीपर्यंत पोचले होते. साधारण पन्नाशीचा, काटक, ठाकूर समाजाचा माणूस. पायात स्लिपर, हातात कापडी पिशवी.

"आमच्या पाड्याचा नकाशा पायजे."

मी गावाचं नाव विचारलं, नकाशा काढला, समोर पसरला. बहुतेक लोकांना नकाशा उलटा की सुलटा, हेही कळत नाही. यांनी आधी ओहोळ शोधला. बोट त्याच्यावरून वर नेत नेत टेकडीशी थांबवलं.

"ह्यो आमचा ओहोळ. ही टेकडी. मंग आवळपाडा कुठं हाय?"

तिथे फिकट हिरवा रंग होता, त्यावर जंगलाची खूण आणि एक गट नंबर. बाकी काही नाही. जुन्या मोजणीत लागवडीची जमीन मोजली गेली, कारण सारा तिच्यावर बसायचा. जंगलाच्या आत कोण राहतं, हे बघायला कुणी शिरलं नव्हतं. मी म्हटलं, "इथे फक्त जंगल दाखवलंय."

"जंगलातच ऱ्हातो आमी."

त्यांचं बोट अजून त्या हिरव्या रंगावर होतं. मूळ प्रत होती ती. त्या क्षणी मी त्यांना खूप काही सांगू शकले असते. नकाशात घर नाही म्हणून घर खोटं ठरत नाही, हे तरी सांगता आलं असतं. मी म्हटलं, "बोट उचला, कागद मळतोय."

त्यांनी लगेच बोट उचललं. मग नक्कल मागितली. मी म्हटलं, "अहो, त्यात तुमचं काहीच नाही, कशाला घेता?"

"काय नाय, ते तरी दाखवता यील," असं म्हणून त्यांनी अर्ज लिहून घ्यायला सांगितला. त्यांच्या वतीने अर्ज मीच लिहिला, नक्कल केली, खाली सही केली आणि विसरून गेले.

निवृत्त झाल्यावर वर्षभर मी शहाडच्या घरी बसून होते. आमचे हे मोहन्याच्या कारखान्यात होते, तेही घरीच. दोघं दिवसभर एकमेकांच्या पायात यायचो. अशात एका दुपारी बेल वाजली. दारात पस्तिशीच्या आतबाहेरची एक बाई, खांद्याला पर्स, हातात प्लास्टिकची नळी.

"नकाशावाल्या मॅडम तुम्हीच ना? ऑफिसात पत्ता मिळाला. मी यमुना. आवळपाड्याची."

नळीतून तिने कागद बाहेर काढला. मागून कापड चिकटवून जपलेली नक्कल, खाली माझी सही. धर्माबाबांची मुलगी ती. बारावी झालेली, अंगणवाडीत सेविका, आणि आता पाड्याच्या वनहक्क समितीची सचिव.

तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना त्या जंगलावर सामूहिक हक्क मागता येतो, असा कायदा झाला. दावा ग्रामसभेने करायचा. त्याला नकाशा जोडायचा. तो मोजणीचाच हवा असं नाही, डोळ्यांनी बघून काढलेला कच्चा नकाशा चालतो. त्याला नजरी नकाशा म्हणतात. पाड्याने तो काढला, दावा पाठवला, आणि तो परत आला. नकाशा आणि वर्णन जुळत नाही, असा शेरा मारून.

"तुम्ही नुसता बघून चूक सांगा, मॅडम. बाकी आम्ही करू."

मी नकाशा बघितला. चूक अशी नव्हतीच. वहीच्या कागदावर प्रेमाने काढलेलं चित्र होतं ते, प्रमाण नाही, दिशा नाही. घरात बसून त्याचं काही करता येण्यासारखं नव्हतं. मी तसं म्हटलं. आमचे हे पेपरातून डोकं काढून म्हणाले, "अगं, एवढी वर्षं हातांनी गावं काढलीस. आता जरा पायांनी काढ की."

कल्याणहून मुरबाडच्या दिशेची एसटी, फाट्यावर उतरून यमुनाचा भाऊ विकास चालवायचा ती छोटी प्रवासी मॅजिक गाडी, आणि गाडीरस्ता संपला की अर्धा तास पायी. आवळपाडा म्हणजे तीसेक घरं. कुडाच्या भिंती, काही नवी विटांची, मध्ये समाजमंदिराची पत्र्याची शेड. धर्माबाबा ओट्यावर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मी त्यांच्यासमोर बसले आणि जे मनात होतं ते बोलून टाकलं.

"बाबा, तुम्ही ऑफिसात आला होतात तेव्हा मी तुम्हाला बोट उचलायला सांगितलं होतं."

त्यांनी जरा आठवून बघितलं. "आठवत नाय, बाय. बोट मळलेलंच आसंल."

माझी क्षमा मागणं तिथेच संपलं. त्यांनी लगेच विचारलं, "चालवल का डोंगर?"

डोंगर चालवला, पण मला दर शंभर पावलांवर बसावं लागलं. यमुना मोबाइलमध्ये जागेची नोंद घेत होती, विकासने ते ॲप तिला घालून दिलं होतं. मी वहीत खुणा करत होते. आणि पुढे चालत होती पारूबाई. साठीच्या पुढची, नऊवारी गुडघ्याच्या वर ओढलेली, अनवाणी. दर थोड्या अंतरावर ती थांबायची आणि जागेचं नाव सांगायची. करवंदीची बरड. कोंबडमाळ. रांडवळीचा उतार, कारण तिथे विधवा बायका पूर्वी मोळ्या बांधायच्या. सासुरवाटेचं वळण, कारण तिथून माहेर दिसेनासं होतं. माझ्या नकाशात ह्या सगळ्याला मिळून एक गट नंबर होता. पारूबाईने पहिल्या दिवशी चाळीसच्या वर नावं सांगितली आणि दमली म्हणून थांबली, संपली म्हणून नाही.

तीन दिवस हद्द फिरलो. चौथ्या दिवशी समाजमंदिराच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर बायकांनी रांगोळी, कोळसा आणि पानं घेऊन अख्खी टेकडी काढली. मी आजूबाजूला गुडघ्यांवर रांगत मोबाइलच्या खुणांशी ती ताडून पाहत होते. एक गोष्ट व्यवसायाच्या अभिमानाला धक्का देणारी होती, ती सांगते. जिथे आमच्या गावनकाशातला ओहोळ आणि बायकांचा ओहोळ जुळेना, तिथे मी परत जाऊन पाहिलं. बायका बरोबर होत्या. कधीतरी ओहोळाने पात्र बदललं होतं आणि आम्ही ऑफिसात जुनंच पात्र सुबकपणे गिरवत बसलो होतो.

नकाशा झाला, वर्णन जुळलं, दावा पुन्हा गेला. दोन पावसाळे उलटले. तालुक्यात खेपा, जिल्ह्यात खेपा. त्या यमुनाने मारल्या, त्यांचं श्रेय मला नाही. हक्क मंजूर झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी तिचा फोन आला. तिच्या आवाजाआधी मागचा ढोलच ऐकू आला.

मला वाटलं, आपलं काम संपलं. खरं काम त्यानंतर सुरू झालं. जंगल आपलं झालं, आता ते वापरायचं कसं, हे ग्रामसभेनेच ठरवून लिहून काढायचं असतं. कुठे लाकूड तोडायचं, कुठे गुरं चारायची, कुठे काहीच करायचं नाही. त्याला आराखडा म्हणतात. आराखडा म्हटल्यावर माझे डोळे चमकले. शहरांचे आराखडे मी पाहिलेले होते. पिवळा रंग राहण्यासाठी, हिरवा बागेसाठी, निळा दुकानांसाठी. मी रंगपेटी घेऊनच गेले.

समाजमंदिरात सगळे जमले. मी कोंबडमाळावर पेन्सिल टेकवली. "हा तुकडा कशासाठी?"

"चराईला," शेळ्या पाळणारा काळूराम म्हणाला.

मी रंग उचलला. पारूबाई म्हणाली, "पावसात नाय. पावसात तिथं भाजी उगावती. शेळ्या घातल्या तर आमी खावं काय?"

"मग भाजीसाठी?"

"दिवाळीपातुर. मंग काळ्याच्या शेळ्या. होळी झाली का झाडाखालचा वाळला पातेरा गोळा करायचा, तवा कुनीच नाय घुसायचं."

प्रत्येक तुकड्याचं असंच. एक जागा, तीन मालक, आणि भांडण नाही. भांडण होतंच नाही असं म्हणत नाही. काळूराम आणि बांबू लावू म्हणणाऱ्या बायका ह्यांची त्या दिवशी अशी जुंपली, की काळूराम शेड सोडून निघून गेला आणि त्याची बायको मात्र बांबूच्या बाजूने हात वर करून बसली. पण ते भांडण कुठे आणि केव्हा, ह्याचं होतं. माझ्या रंगपेटीत 'केव्हा' नव्हतं. आमच्या कुठल्याच नकाशात ते नसतं. सरकारी नकाशाला ऋतू माहीत नसतो.

दुपारी भाकरी खाताना मला सुचलं. मी म्हटलं, "एक नकाशा कशाला? तीन काढू." पावसाळ्याचा, हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याचा. एकच टेकडी, तीनदा. माझ्या उभ्या नोकरीत मला सुचलेली स्वतःची म्हणावी अशी ही एकच कल्पना, आणि तीही निवृत्तीनंतर. काळूरामला त्यात हिवाळा मिळाला, बायकांच्या बांबूला वरचा उतार मिळाला. तो परत येऊन बसला.

नकाशे मी घरी शाईत काढायला घेतले. सगळ्या खुणा जोडताना एक गोष्ट दिसली. टेकडीच्या मागच्या अंगाला आमची पायवाट उगाच वळसा घेत होती. तीन दिवसांत तीन वेळा आम्ही तिथून गेलो होतो, तिन्ही वेळा तोच वळसा. मध्ये एक भोक राहिलं होतं. ना नाव, ना खूण. ट्रेसरच्या डोळ्याला अशी मोकळी जागा दातात अडकल्यासारखी खुपते. चालताना मी विचारलं होतं, "इथून सरळ का नाही जायचं?" पारूबाई म्हणाली होती, "काटं हायेत."

पुढच्या खेपेला मी यमुनाला कागद दाखवला. ती थोडी गोरीमोरी झाली. "मी सांगू शकत नाही. बायांना विचारायला लागेल."

बाया जमल्या, पुरुषांना बाहेर काढलं. पारूबाईने कागद हातात न घेताच सांगितलं, "पानी हाय. उनाळ्यात सगळं आटतं तवा त्येच्यावर आमी जगतो. त्ये नकाशात नाय घालायचं."

मी म्हटलं, "अहो, पण तेच तर सगळ्यात आधी घालायला हवं! उद्या तिथे कुणी खोदलं, रस्ता काढला, तर पाणी होतं हे दाखवणार कशावरून?"

"आन दाखवलं तर?" पारूबाईच्या सुनेने विचारलं. तिने शेजारच्या पाड्याचं सांगितलं. तिथला झरा कुठल्याशा यादीत आला. आधी लोक बघायला आले, मग सहलीला. मग वरच्या अंगाला फार्महाउसं झाली, त्यांनी बोअर मारल्या, आणि दोन उन्हाळ्यांत झरा गेला. "आता त्या बाया टँकरच्या मागं पळतात."

मी हट्टाला पेटले, हे कबूल करते. माझं आयुष्य ह्या एका श्रद्धेवर गेलं होतं, की कागदावर आलं म्हणजे वाचलं. धर्माबाबांचा पाडा कागदावर नव्हता म्हणून हक्क मिळायला किती वर्षं गेली, ते ह्याच लोकांनी भोगलं होतं. मी तेही बोलून दाखवलं. मग पारूबाई म्हणाली, "पाडा तुमी नाय दाखवला. पानी आमी नाय दाखवत. दोन्ही येकच कसं?"

मला पटलं, असं नाही. पण नकाशा त्यांचा होता. मी ती जागा तिन्ही नकाशांत पांढरी ठेवली आणि नकाशाखालच्या यादीत त्यांनी सांगितलं तेवढंच लिहिलं: राखीव, खोदकाम नाही, झाडतोड नाही. ती जागा मला दाखवा असं मी म्हटलं नाही, आणि कुणी दाखवते असंही म्हणालं नाही.

माझी भीती खरी ठरायला वर्षही लागलं नाही.

टेकडीच्या पलीकडची खासगी जमीन कुणीतरी घेतली, प्लॉट पाडले. तिथे पोचायला जवळचा मार्ग आमच्या टेकडीवरून. प्रस्ताव मात्र आला तो आवळपाड्याच्या सोयीचा पक्का रस्ता म्हणून. त्याला ग्रामसभेची संमती लागत होती. सभेला तालुक्याहून एक अधिकारी आले, आणि प्लॉटवाल्यांच्या बाजूने एक गृहस्थ, अर्ध्या बाह्यांचं जॅकेट, अतिशय गोड बोलणं. यमुनाने मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

रस्ता नको, असं म्हणणं सोपं नव्हतं. सगळ्यात आधी विकासच उठला. "आई-बाबांना सोडा, पारूआत्याच्या सुनेला डिलिव्हरीच्या टायमाला झोळीतून नेलेलं, विसरलात सगळे? मी गाडी घेऊन खाली उभा होतो, माहीत आहे मला. रस्ता झाला तर गाडी डायरेक्ट दारात येईल. कोणासाठी का होईना, येऊ दे ना!"

सून खाली बघत होती. तिचं ते पहिलं मूल वाचलं नव्हतं.

जॅकेटवाल्या गृहस्थांनी संधी साधली. त्यांच्याकडे आमचाच आराखडा होता, रंगीत प्रत काढून आणलेली. त्यांच्या रस्त्याची लाल रेघ त्यांनी नकाशावर मारली होती. ती त्या पांढऱ्या जागेतून सरळ जात होती.

"कुणाचं शेत जात नाही, चराई जात नाही, बांबू जात नाही," ते म्हणाले. "मुद्दाम मोकळ्या जागेतून काढलाय. तुमच्याच नकाशात बघा, इथे काही नाही." मग माझ्याकडे वळले. "मॅडम, आपण तर खात्यातल्या. नकाशा आपल्याच हातचा. आपणच सांगा, इथे काही दाखवलंय का?"

सगळी शेड माझ्याकडे बघत होती. अधिकारीही. खिडकीमागे बसून हजारदा दिलेलं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. नकाशात काही नाही, हे खरं होतं. पाणी आहे म्हटलं असतं तर रस्ता तिथेच थांबला असता, आणि बायांनी एवढं जपलेलं माझ्या तोंडून चव्हाट्यावर आलं असतं. काय करावं, मला कळेना. शेवटी म्हटलं, "मी फक्त काढणारी आहे. नकाशा ग्रामसभेचा आहे. त्यांना विचारा."

पळपुटं उत्तर होतं का ते? अजूनही मी ह्यावर विचार करते.

पारूबाई उठली. जॅकेटवाल्यांकडे न जाता सरळ अधिकाऱ्यांसमोर उभी राहिली.

"सायेब, ती मोकळी नाय. राखलेली हाय. खाली लिवलंय, वाचा."

अधिकाऱ्यांनी खालची यादी वाचली. "राखीव लिहिलंय खरं. पण कशासाठी, ते लिहिलेलं नाही."

"तुमच्या घरात दागिनं कुठं ठिवलेत, त्ये दारावर लिवता का?"

अधिकारी हसले. जॅकेटवालेही हसले, पण उशिरा. पारूबाई हसली नाही. ती विकासकडे वळली. "रस्ता मलापन पायजे. नातू गेलाय माजा. पन ह्यो नाय. जुनी गाडीवाट हाय ना, वढ्याच्या कडंनी? तिथनं आना. लांब पडंल. पडू दे."

ती गाडीवाट माझ्या तिन्ही नकाशांत होती, तुटक रेघेने. मी उठून ती दाखवली. हे मात्र मला करता आलं. ती पाड्यापाशी यायची आणि तिथेच संपायची, प्लॉटकडे जायचीच नाही. जॅकेटवाल्यांचा रस त्याच क्षणी गेला. विकास बराच वेळ नकाशा बघत राहिला, मग म्हणाला, "वळणं जास्त आहेत. पण गाडी चढेल."

ठराव तसा झाला. गोष्ट इथे गोड झाली असं वाटेल, तसं नाही. प्लॉटवाल्यांनी पाठ फिरवल्यावर रस्त्यामागे लागणारं कुणी उरलं नाही. यमुना पुन्हा खेपा घालू लागली. निम्मा रस्ता झाला तो मुरूम टाकून, तोही ओहोळाकाठची जुनी आंब्याची झाडं पाडून. त्यातलं एक काळूरामच्या आजाने लावलेलं होतं. उरलेल्या वाटेवर विकासची गाडी पावसात अजूनही रुतते. आणि त्या मधल्या काळात एका म्हाताऱ्याला झोळीतूनच न्यावं लागलं. ते धर्माबाबा होते. दवाखान्यात पोचले, आठवडाभर होते, मग गेले. विकास मला काही बोलला नाही. बोलला असता तर मी ऐकून घेतलं असतं.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडी यमुनाचा फोन आला. "काकू, आराखडा नवा केलाय. बघायला या." मॅडमची काकू केव्हा झाले, लक्षात नाही. मी पर्समध्ये पट्टी, पेन, ब्लेड, सगळं घेऊन गेले.

नकाशे तयारच होते, पारूबाईच्या घरात पसरलेले. पाड्याच्या बायांनी आणि दोन मुलींनी मिळून काढलेले, स्केचपेनने. प्रमाण जवळजवळ बरोबर, रेघा जाड्या, अक्षर वळणदार. खाली लिहिलं होतं, आवळपाडा ग्रामसभा. माझं नाव नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं. तरी क्षणभर लागलं मनाला, खोटं कशाला सांगू? उत्तर दिशेचा बाण तेवढा राहिला होता. मी विचारलं, "हा काढून देऊ?" त्यांनी आपसात बोलून हो म्हटलं. मी तिन्ही नकाशांवर बाण काढले. हात स्थिर होता.

मग मी नीट बघायला लागले. माळ, बरड, बांबू, नवा रस्ता. मागच्या अंगाची पांढरी जागा होती तिथेच होती. आणि खाली, ओहोळाच्या पलीकडे, आणखी एक पांढरी जागा होती. मागच्या नकाशात तिथे मी हिरवा रंग दिला होता.

"यमुना, ही दुसरी कसली गं?"

यमुनाने पारूबाईकडे बघितलं. पारूबाई चुलीशी होती, तिने मान वर केली नाही.

"काकू," यमुना कप माझ्या हातात देत म्हणाली, "चहा घ्या, गार होतोय."

चहा गुळाचा होता. मी पुन्हा विचारलं नाही.